‘एका रात्रीत 700 किलोमीटर’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, शुक्रवारी रात्री निघतोय. 700 किलोमीटर. शनिवारी सकाळी तिथे, रविवारी रात्री परत निघणार. तुझी गाडी देशील?" हा बेत ठरवला कुणी, असं विचारल्यावर त्याने एक मेसेज पाठवला. गेल्या दोन आठवड्यांत तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला होता. तेव्हा मी वाचून सोडून दिला. आता घरचं पोर त्यावर विसंबून निघालंय, म्हणून उत्तर लिहितोय.

मेसेजचा दावा असा की दोन लांबच्या शहरांमधला निसर्गरम्य रस्ता एकही रजा न घेता शनिवार-रविवारात जाऊन-येऊन होतो. त्यासाठी सहा ‘अनुभवी टिप्स’ दिल्यात: शुक्रवारी कामावरून आल्यावर रात्री 10 ला निघा, रस्ते मोकळे असतात, झोप आली तर काच खाली करा, गाणी मोठ्याने लावा, कॉफी घ्या, मॅप 10 तास दाखवत असेल तर 10 तासच लागतात, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाका, इंधन वाचतं, लांबच्या पल्ल्याला टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, आणि चालवणारे दोघं असतील तर थांबायची गरजच नाही.

पहिल्या टिपेत तर बेताचा हेतूच मोडलाय. निसर्गरम्य रस्ता बघायला निघायचं आणि तो रात्री 10 ते सकाळी 8 च्या दरम्यान पार करायचा? अंधारात दरी दिसत नाही, नदी दिसत नाही. दिसतो तो हेडलाइटच्या उजेडातला डांबराचा तुकडा. परतीचा प्रवासही रात्रीचाच. म्हणजे 1400 किलोमीटर गाडी हाणायची आणि ज्यासाठी निघालो ते बघायचंच नाही.

हे सोडून दिलं असतं, कारण यात नुकसान फक्त मजेचं आहे. झोपेचं तसं नाही.

भाचा रोज सकाळी साडेसहाला उठतो. शुक्रवारी रात्री साडेअकराला, म्हणजे शहराबाहेर पडून नुकता वेग धरेपर्यंत, त्याला जागून 17 तास झालेले असतील. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या दोन संशोधकांचा प्रयोग 1997 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. त्यांनी 40 जणांना एकदा 28 तास जागं ठेवलं आणि एकदा ठरावीक वेळाने दारू दिली. दोन्ही वेळा हात आणि डोळा एकमेकांना किती साथ देतात ते मोजलं. सलग 17 तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरली. 24 तास जागल्यावर ती जवळपास 0.10 टक्क्यांपर्यंत गेली. कितीतरी देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादाच 0.05 टक्के आहे. हाच हिशेब भाच्याच्या बेताला लावला, तर साडेअकराला तो त्या मर्यादेवर असेल आणि सकाळी साडेसहाला, शेवटचा घाट चढताना, तिच्या दुपटीवर. पेग मारून स्टेअरिंगवर बसणाऱ्या मित्राच्या हातातून हीच मुलं किल्ली काढून घेतील. इथे मात्र ‘टिप’ म्हणून तेच एकमेकांना पाठवतायत.

त्यात पहाटे 2 ते 6 ही वेळ शरीराच्या घड्याळात सगळ्यात अनावर झोपेची. तेव्हा येते ती नुसती पेंग नसते, मेंदू काही सेकंद जणू बंदच होतो. ताशी 100 च्या वेगात गाडी दर सेकंदाला सुमारे 28 मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे 110 मीटर गाडी कुणीच चालवत नाही.

मला हे अनुभवाने माहीत आहे. काही वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास मी एकटा गाडी चालवत होतो. पुढे एक ट्रक होता, त्याचे दोन लाल दिवे धरून मी मागे चाललो होतो. त्यानंतरचं आठवतं ते एकदम चाकाखाली खडी वाजल्याचं. डावी दोन्ही चाकं डांबर सोडून खाली उतरली होती आणि ट्रक कुठेच नव्हता. तो कधी वळला, मला सांगता येणार नाही. आपले डोळे उघडे होते अशीच तेव्हा माझी खात्री होती. गाडी थांबवली आणि हातांची थरथर जाईपर्यंत बसून राहिलो. भाच्याला हे मी आजवर सांगितलं नव्हतं, ती चूक माझी.

काच खाली आणि गाणी मोठ्याने, यावर इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि रेनर यांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर चाचण्या घेतल्या आहेत. गार वारा आणि रेडिओ यांचा परिणाम जेमतेम आणि थोड्या वेळापुरता टिकतो. कॉफीचं निम्मं खरं आहे, ते मान्य करतो. कॅफिनने तरतरी येते, पण यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून झोप आली की गाडी सुरक्षित जागी थांबवायची, कॉफी घ्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. दोन्हींचा मिळून उपयोग होतो, असं त्याच दोघांना दिसलं. चालत्या गाडीत घोट घेत पुढे जाणं हा उपाय नाही. आणि ही पंधरा मिनिटं म्हणजे रात्रीच्या झोपेची भरपाई नव्हे.

रात्री गर्दी कमी असते, हेही खरं. पण रिकामा सरळ रस्ता हीच झोप यायची उत्तम सोय आहे. शिवाय साध्या बीमचा उजेड चाळीस-साठ मीटरच पोचतो आणि ताशी 100 च्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावरही थांबायला नव्वद-शंभर मीटर घेते.

मॅपच्या 10 तासांत मधले थांबे धरलेले नसतात. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, एक जेवण आणि इंधन धरलं की सव्वादोन तास वाढतात. हमरस्ता सोडून शंभर किलोमीटरचा वळणांचा रस्ता घेतला, तर ताशी चाळीसच्या सरासरीने त्यालाच अडीच तास. फोटोसाठी थांबणं वेगळं.

न्यूट्रलची टिप वाचून मात्र डोकं फिरलं. फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर अॅक्सिलरेटर सोडला, की इंजिन इंधन घेणंच थांबवतं. न्यूट्रलला टाकली की ते आयडलिंगवर राहतं आणि इंधन पीतच असतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनचा धरून ठेवणारा जोर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, जळका वास येतो, पाय दाबला तरी पकड येत नाही. लहान गिअरमध्ये उतरा, एवढंच.

टायरमधली हवा कमी ठेवली तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायचा धोका वाढतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो. टायर थंड असताना तेवढी हवा भरा. सामान आणि माणसं भरून जाणार असाल, तर त्यासाठी बऱ्याच गाड्यांवर वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो, तो बघा.

दोघं चालवणारे असणं चांगलंच. पण शेजारच्या सीटवर मान कलंडून घेतलेली झोप ही झोप नाही, आणि पहाटे तीनला दोघांचीही घड्याळं तीनच दाखवतात. युरोपीय संघात व्यावसायिक ट्रकचालकाला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती सक्तीची आहे, आणि एरवी दिवसाला 9 तासांची मर्यादा. ज्यांचं रोजचं कामच हे, त्यांच्यासाठी हा नियम. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या पोरांनी त्यांच्यापेक्षा जास्त चालवायचं?

काल भाचा घरी आला आणि आम्ही कागद घेऊन बसलो. शुक्रवारी रात्री पोटभर झोप, शनिवारी उजाडताना निघायचं. घाट सकाळच्या उजेडात येईल असं अंतर मोजलं. दुपारी 2 ते 4 सुस्तीची वेळ, तेव्हा जेवण आणि आडवं होणं. साडेतीनशे किलोमीटरवर मुक्काम. दुसऱ्या शहरात रविवारी दुपारी, आणि परतीसाठी सोमवार-मंगळवार रजा. "आणि रजा नाही मिळाली तर?" त्याने विचारलं. मग मुक्कामाच्या गावापर्यंतच जा आणि रविवारी दिवसाउजेडी परत फिर, म्हटलं. त्याने रजेचा अर्ज टाकलाय. गाडीची किल्ली शुक्रवारी संध्याकाळी मागत होता, ती मी शनिवारी पहाटे साडेपाचला देणार आहे.