मराठी शिपायांचे कागद लंडनच्या आगीत जळालेले नाहीत

पहिल्या महायुद्धात लढलेल्या मराठी शिपायांबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात म्हटलंय, की शिपायांचे सगळे कागद 1940 साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात खाक झाले. आपल्या माणसांची नावं गोऱ्यांनी लिहिलीच नव्हती, नुसते आकडे ठेवले. आता परदेशी वेबसाइटवर पैसे भरून आडनाव टाकायचं, नाहीतर विषय सोडायचा. हे वाचून सातारा-रत्नागिरीकडची कितीतरी घरं आपल्या पणजोबांचा शोध सुरूच करत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आग लागली होती, हे खरं आहे. सप्टेंबर 1940 मध्ये दक्षिण लंडनमधल्या आर्नसाइड स्ट्रीटवरच्या वॉर ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश युद्धखात्याच्या गोदामावर बॉम्ब पडला आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे सुमारे 60 टक्के सेवा-कागद जळाले. वाचलेले, कडा करपलेले कागद आज लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या दफ्तरखान्यात आहेत. पण ते कागद होते ब्रिटिश आर्मीचे, म्हणजे डॉर्सेट, नॉरफोक अशा विलायती पलटणींचे. हिंदी सैन्य वेगळं होतं, भारत सरकारच्या हाताखालचं. आपल्या शिपायाचा 'शीट रोल', म्हणजे भरतीपासूनच्या नोकरीची नोंद, त्याच्या पलटणीच्या इथल्याच डेपोत राहायची. जो कागद लंडनला गेलाच नाही, तो तिथे जळणार कसा? शंभर वर्षांत डेपोतलं सगळंच टिकलं असेल असं नाही. तरी मराठा पलटणींसाठी पहिलं पत्र जायला हवं ते बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला.

नावं लिहिलीच नाहीत, हा आरोप मात्र नीट तपासायला हवा, कारण त्यामागे खरा अन्याय आहे. आपल्याकडच्या अनेक गावांत चावडीवर किंवा देवळापाशी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके जण 1914-1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने या युद्धात 46 जवान गमावले. पण या पाट्यांवर नुसती संख्या असते, नाव एकही नसतं. इराकमधल्या बसरा स्मारकावरही तेच झालं. साध्या गोऱ्या सोल्जरचं नाव दगडात कोरलं, हिंदी अधिकाऱ्यांचं कोरलं, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीनुसार फक्त संख्या दिली. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने 2021 साली या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. ती फार आधी मागायला हवी होती.

पण दगडावर नाव नाही म्हणजे कागदावरही नाही, असं होत नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडलेल्या हिंदी शिपायांची नावं छापील नोंदवह्यांत होती आणि आता ती कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. नोंदीत नंबर, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख असते. पुष्कळदा पुढे एक ओळही असते: अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, मुंबई. शिवाय फ्रान्समधल्या नव शापेल स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी नावं कोरलेलीच आहेत. कोकणातून जहाजावर गेलेल्या खलाशांसाठी मुंबईच्या मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होमचं स्मारक पाहावं. समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं तिथे आहेत. त्याच्याही कितीतरी आधीचा दाखला म्हणजे कोरेगाव भीमाचा स्तंभ. 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं त्यावर आजही वाचता येतात, त्यांतली कित्येक शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार शिपायांची.

जो जिवंत परतला, त्याचं नाव या याद्यांत सापडणार नाही. त्याच्यासाठी घरातलं पदक बघा. पाचव्या जॉर्जच्या मुखवट्याच्या बाजूला नाही, कडेवर. भिंग घेऊन नाणं फिरवावं तसं पदक उजेडात फिरवलं, की बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हा नंबर हाती असेल तर पुढचा सगळा शोध सोपा होतो. चांदीचं म्हणून असं पदक सोनाराकडे देणाऱ्यांना कृपा करून थांबवा.

आडनावाने शोधायचा सल्ला तर सरळ दिशाभूल करणारा आहे. कदम, मोरे, जाधव, शिंदे शेकड्याने निघतात, आणि कित्येक नोंदींत आडनावच नसतं. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं, त्यामुळे एकाच नावाची चार रूपं होतात. वडिलांचं नाव, गाव आणि तालुका धरून शोधावं. जिल्हा तेव्हाचा धरावा: आजचं रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्गाचा बराच भाग रत्नागिरीत, आणि कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण ही संस्थानं.

पलटणीचे आकडेही बदलत गेले. 1903 साली मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले: तिसरी झाली 103, पाचवी 105, सतरावी 117. मग 1922 मध्ये या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. 111 महार ही पलटण मात्र 1917 ला उभी राहिली आणि 1921 ला मोडली, म्हणून ती नंतरच्या याद्यांत नाही.

पलटण एकदा पक्की झाली, की क्यूला असलेल्या युद्ध-डायऱ्या उपयोगी पडतात. शिपायाचं नाव त्यांत क्वचितच येतं, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते कळतं. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. तिथल्या फौजेने 29 एप्रिल 1916 ला शरणागती पत्करली. तुमचा माणूस यांपैकी एका पलटणीचा असेल आणि मृत्यूची तारीख त्यानंतरच्या महिन्यांतली असेल, तर तो तुर्कांच्या कैदेत गेला असण्याची शक्यता आधी तपासा.