गुहेतल्या माणसाने खोटं बोलायचं कुणाशी?

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. एक सोसायटीचा, एक शाळासोबत्यांचा आणि एक चक्क सकाळच्या योगवर्गाचा. म्हणणं थोडक्यात असं : पतंजलींचं तत्त्वज्ञान हिमालयातल्या संन्याशांसाठी आहे, त्यात विचार बंद करायला सांगितलंय, संतोष धरायला सांगितलंय, म्हणजे प्रगती खुंटलीच, तेव्हा संसारी माणसाने आसनं करावी आणि बाकीचं सोडून द्यावं.

पतंजलींच्या योगसूत्रांचा दुसरा पाद, म्हणजे दुसरा भाग, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान (ईश्वराला वाहून घेणं) या क्रियायोगाने सुरू होतो. कशासाठी, ते सूत्रांवरचं जुनं विवरण, व्यासभाष्य, तिथेच सांगतं : ज्याचं चित्त अजून विखुरलेलं आहे, त्यालाही योग कसा साधेल म्हणून. विखुरलेलं चित्त बघायला हिमालयात कशाला जायला हवं? संध्याकाळी आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात गाडी लावायला जागा शोधा.

आणि यम, म्हणजे वागण्यातले संयम? अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठवून न ठेवणं). गुहेत एकट्या बसलेल्याने खोटं बोलायचं कुणाशी, चोरायचं कुणाचं? मी इतवारीत एका ठोक दुकानात हिशेब लिहितो. भंडाऱ्याच्या गिऱ्हाईकाचा फोन आला की शेठ हाताने खूण करतात आणि मी म्हणतो, "गाडी कापसीला पोचली, भाऊ." माल तेव्हा माझ्या पायाशी असतो, गठ्ठ्यावर माझा जेवणाचा डबा. बाजूचा हमाल हसतो. दुसऱ्या पादातलं ३४वं सूत्र अशा दोषांचे प्रकार सांगतं : कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, मान डोलावलेलं. मी, शेठ आणि हमाल, तिघांचीही नोंद एकाच ओळीत!

एकदा खरं सांगून बघितलं. "माल अजून भरला नाही, उद्या येईल." तिकडून आवाज चढला, "मंग सकाळीच सांगाचं होतं ना बाप्पा! मी काहून माणूस बसवून ठेवला असता?" ऑर्डर काही गेली नाही. शेठ मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या फॉरवर्डने ब्रह्मचर्याचा मुद्दा काढला असता तर मी जरा अडखळलो असतो. सूत्रांचा शेवटचा मुक्काम कैवल्य, म्हणजे मोक्ष आहे, सुखाचा संसार नाही, हेही कबूल. पण रायपूरपर्यंत जायचं नाही म्हणून वाटेतल्या भंडाऱ्यालाही जाऊ नये, असं थोडंच आहे?

विचार बंद करण्याचं म्हणाल तर, मन प्रसन्न ठेवायचा पहिल्या पादातला उपाय वाचा. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे दुर्लक्ष. यात विचार थांबवायचा नाही, बदलायचा आहे. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की त्याचा पेढा खाताना मनात मैत्री आणून बघा. याहून अवघड आसन मला तरी माहीत नाही.

संतोषाने प्रगती खुंटते म्हणणाऱ्याने यमांनंतर येणाऱ्या नियमांची यादी पुरती वाचलेली दिसत नाही. शौच, संतोष आणि लगेच तप. आळशाला तप कुठून जमणार? गीताही योगाला कर्मातलं कौशल्य म्हणते.

राहिली आसनं. सूत्रं १९५, एका पाठाप्रमाणे १९६. त्यांतली आसनावर जेमतेम तीन. बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, एवढीच त्यातली पहिली अपेक्षा. सूर्यनमस्काराचं तर नावही नाही. बाकीचं सोडून द्या म्हणणारा या तीन सूत्रांसाठी सगळं पुस्तक टाकायला सांगतो.

हे सगळं मी योगवर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. ज्या काकांनी तो मजकूर टाकला होता त्यांचं उत्तर आलं, "छान माहिती", आणि खाली हात जोडलेले. दहा मिनिटांनी त्यांनीच तोच फॉरवर्ड पुन्हा टाकला. खाली अंगठे आले, चौदा. मी मोजले.