एका दिवसात संपूर्ण ऐतिहासिक पुणे

बाहेरगावच्या पाहुण्यांना सहकुटुंब पुणे दाखवायचे असेल, तर घरातून निघायला अकरा वाजतील याची आधी खातरजमा करावी. सकाळी आठ वाजता पेठांमधले रस्ते मोकळे असतात, ऊन कोवळे असते आणि गाडी लावायला जागाही मिळते. इतक्या सुखासमाधानाने इतिहास पाहण्याची कोणालाच सवय नसते.

शनिवारवाड्यापाशी पोचल्यावर दिल्ली दरवाजाकडे बघत उभे राहू नये. हत्तींनी धडक देऊन फळ्या मोडू नयेत म्हणून ठोकलेले लांब, अणकुचीदार खिळे त्यावर अजूनही आहेत. त्यांतल्या एकाच्या टोकावर बोट टेकवून मुलाला उभे करावे. त्याने ‘बाबा, हे कशासाठी?’ असे विचारलेच, तर ‘आधी इकडे बघ आणि डोळे मिटू नकोस,’ असे समर्पक उत्तर द्यावे. आत शिरताच घरातील ज्येष्ठाने ‘एवढंच? इथे तर काहीच नाही!’ असे मोठ्याने म्हणणे आवश्यक असते. थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि म्हणून आज जोती व हिरवळ तेवढी दिसते, हे आधीच ठाऊक असेल तर ही हक्काची निराशा हातची जाते. तेव्हा काहीही वाचून जाऊ नये. नारायणरावांच्या खुनाची कथा मात्र अवश्य सांगावी. त्यातले १७७३ हे साल, गारदी, थकलेले पगार वगैरे तपशील गाळून अमावास्येच्या रात्री ऐकू येणाऱ्या आवाजावर भर द्यावा. ‘कोणी ऐकलाय का?’ असे मेहुण्यांनी विचारल्यास आपल्या चुलत सासऱ्यांच्या शेजाऱ्यांनी ऐकला आहे, असे सांगावे; तो आवाज ऐकणारा माणूस पुण्यात नेहमी इतक्याच अंतरावर राहतो.

लाल महाल तेथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे गाडी काढूनच जावे. आजची वास्तू महापालिकेने १९८८ मध्ये बांधून पूर्ण केली असली, तरी शाइस्ताखानाची बोटे नेमक्या कोणत्या खिडकीत तुटली, हे ठामपणे दाखवता आले पाहिजे.

एव्हाना भूक लागलेली असते. मिसळीसाठी पाऊण तास रांगेत उभे राहण्याची कुटुंबाची तयारी असते, म्हणून तेवढाच वेळ पुढे राजा दिनकर केळकर संग्रहालयात कापावा. लहानपणीच गेलेल्या मुलाचे नाव देऊन दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, दौती, भांडी आणि कोरीव दरवाजे जमवले. एका माणसाने एकट्याने जमवलेले असल्यामुळे आठ जणांना ते वीस मिनिटांत सहज बघून होते. अडचण येते ती आजींची. अडकित्त्यांच्या कपाटासमोर त्या थबकतात, काचेला नाक लागेल इतक्या वाकतात आणि ‘अगदी अस्साच आमच्या माहेरी होता, बिजागरीपाशी मोर असलेला,’ असे सांगू लागतात. ऐकणारा जवळ उभा राहिला तर माहेरचा सगळा वाडाच बाहेर येईल, म्हणून त्यांचा हात धरून त्यांना हळूच पुढच्या दालनात न्यावे. त्या मागे वळून पाहतीलच, तिकडे लक्ष देऊ नये.

तुळशीबागेत राममंदिर आहे, याचा पाहुण्यांना पत्ताही लागू न देता दोन तास घालवता येतात.

संध्याकाळी पर्वती. १०३ पायऱ्यांचा आकडा खालीच जाहीर करावा, म्हणजे निम्मी मंडळी आपोआप भेळेच्या गाडीपाशी राहतात. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ मध्ये येथेच प्राण सोडले, हे धापा टाकणाऱ्यांना सांगणे अर्थातच अप्रशस्त होय. वर पोचलेल्यांनी पसरलेल्या शहराकडे पाठ करून छायाचित्र काढावे व लगेच उतरावे. उतरताना कोणी सिंहगडाचा विषय काढलाच, तर तेथील पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याविषयी सविस्तर माहिती द्यावी.