संरक्षणखर्च म्हणजे अर्थव्यवस्थेचं टॉनिक नव्हे

एक दावा सारखा फॉरवर्ड होत असतो: संरक्षण उद्योगात सरकारने ओतलेला पैसा दामदुपटीने परत येतो. इंटरनेट त्यातूनच आलं, महामंदी त्यानेच संपवली आणि सर्वांत जास्त नोकऱ्याही तोच देतो. देशाला शस्त्रं लागतात, यावर माझा वाद नाही. पण हा हिशेब मला मान्य नाही.

इंटरनेटचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणूनच तो चटकन पटतो. १९६९चं आर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं, लष्करी पैशातूनच उभं राहिलं. महागड्या मायक्रोचिपला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा क्षेपणास्त्र प्रकल्पांनी त्या विकत घेतल्या, हे श्रेयही द्यायलाच हवं. पण आर्पानेट फोफावलं ते विद्यापीठांच्या हाती होतं म्हणून. जिथे दार बंद राहिलं तिथे काय झालं? ब्रिटनच्या टपाल खात्यातला इंजिनिअर टॉमी फ्लॉवर्स याने जर्मन संदेश उलगडण्यासाठी कोलोसस हा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला. १९४४ साली तो कामाला लागला. युद्ध संपल्यावर दहापैकी आठ यंत्रं मोडीत निघाली आणि वरून हुकूम आला म्हणून फ्लॉवर्सने आपले आराखडे स्वतःच्या हाताने भट्टीत घातले. १९७०च्या दशकापर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. शोध होता, पैसाही सरकारचाच होता; उद्योग मात्र त्यातून उभा राहिला नाही.

महामंदीचं म्हणाल तर युद्धकाळात अमेरिकेतली बेकारी हटली, हे खरंच. ती हटवली सरकारच्या प्रचंड मागणीने. ती मागणी रणगाड्यांचीच असायला हवी असं काही नाही. कामाला लागलेल्या त्या माणसांना १९४२नंतर नवी मोटार मिळत नव्हती, साखरही रेशनवर होती.

राहिल्या नोकऱ्या. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २०११ साली अमेरिकेपुरता अंदाज मांडला: १ अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० नोकऱ्या तयार होतात, आरोग्यसेवेवर १७,२०० आणि शिक्षणावर २६,७००. शाळेवरचा पैसा मुख्यतः पगारात जातो, विमानावरचा महागड्या यंत्रसामग्रीत.

तरीही नोकऱ्यांचंच कारण पुढे केलं जातं, याची मला खरी चीड आहे. एफ-३५ या लढाऊ विमानाचे पुरवठादार अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पसरलेले आहेत. मग विमानं कमी घ्या म्हटलं, की प्रत्येक लोकप्रतिनिधीला आधी आपल्या मतदारसंघातला कारखाना आठवतो. विमान कामाचं आहे का, हा प्रश्न मागेच राहतो.