शेजारी कारखाना असेल तर

डोंबिवलीत एमआयडीसीला लागून फ्लॅट घेतलाय? अभिनंदन. आता उद्योगस्नेही शेजारी व्हायला शिका. राज्याच्या प्रगतीत तुमचं नाक आडवं येता कामा नये.

आधी रंगांची भीती सोडा. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. लोकांनी केवढी बोंब ठोकली! गुलाबी शहर बघायला माणसं तिकीट काढून जयपूरला जातात. तुम्हाला घरपोच मिळालं तर तक्रार.

मग विश्वास ठेवा. २०२३ च्या कायद्याचं नावच जन विश्वास. भोपाळनंतर, १९८६ साली, पर्यावरण संरक्षण कायदा आला. तो मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. आता जन विश्वासमुळे दंड, दहा हजार ते पंधरा लाख. तोही बुडवला तरच तुरुंगाचा विषय. मालकाला आता शांत झोप लागेल. तुमची वासाने उडते, तर खिडकी लावून घ्या.

खिडकीला काच मात्र नको. २०१६ आणि २०२४, दोन्ही वर्षी मे महिन्यात इथे स्फोट झाले, तेव्हा लांबलांबच्या इमारतींची तावदानं फुटली. सुपलीत तुकडे भरताना कुणी विचारलंच, तर 'बॉयलर फुटला' म्हणा. २०२४ मध्ये सुरुवातीला तेच सांगत होते, नंतर रिअ‍ॅक्टर निघाला.

नोकरी धरताना डोकी मोजा. विजेवर चालणारी जागा पूर्वी दहा कामगारांपासून कारखाना ठरायची आणि तिला कारखान्याचे नियम लागायचे, नव्या कामगार संहितेत वीसपासून. तुम्ही एकोणिसावे असाल तर बोटं सांभाळा, पॉवर प्रेसला संहिता वाचता येत नाही. विसावे असाल तर मालक तुम्हाला घेणारच नाही.

(रजिस्टरं भरून आणि साहेबांना पाकिटं पोचवून लहान गाळेवाल्याचा जीव मेटाकुटीला आला होता, हे मात्र खोटं नाही. त्याला सोडवायलाच हवं होतं. पाकिटं थांबली का, ते त्याला विचारा. तो चहा मागवेल आणि विषय बदलेल.)

रात्री दोनला वास आला तर फोनबिन करू नका. साहेब सकाळी चहा पिऊन येईपर्यंत हवा स्वच्छ झालेली असते आणि खोटे तुम्ही पडता. पांढरे कपडे तेवढे घरातच वाळत घाला.