'वाफेचं परीक्षण' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

सॅम्युएल गॉविथच्या फुल व्हर्जिनिया फ्लेक या पाईपच्या तंबाखूवर मी लिहिलं, त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. नाव नाही, 'कोरडी हवा' हे टोपणनाव आणि मुक्काम पुणे. तिथे खाली चार ओळींत उत्तर मावलं नसतं म्हणून इथे वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझं मत असं होतं की हा फ्लेक सुरुवातीला जवळजवळ मुका असतो, पाईप निम्म्यावर आला की काकवीचा गोडवा देतो आणि बुडाशी मिरीचा तिखटपणा येतो. त्यावर तुम्ही लिहिलंत, 'ठाण्याच्या हवेत फ्लेक वाळतच नाही. तिथे बसून केलेलं परीक्षण तंबाखूचं नाही, वाफेचं आहे.' शिवाय पाईप चुकीचा, शब्द उसने, डब्याचं वय दिलेलं नाही आणि मुळात पाईप हेच परकं खूळ. शेवटी वर सल्ला: 'हौशी मंडळींनी आधी शिकावं, मग लिहावं.'

हे शेवटचं वाक्य मला लागलं, ते लपवत नाही. मतभेद असू देत, त्यासाठीच खाली प्रतिक्रियांची जागा ठेवली आहे. पण तुम्ही मला ओळखत नाही, मी काय शिकलो आणि कुणाकडून शिकलो हे विचारलं नाहीत, आणि थेट शिकवणीला पाठवायला निघालात. हा सूर कशासाठी? 'तुम्ही फ्लेक कसा वाळवलात?' एवढं विचारलं असतंत तर त्याच संध्याकाळी सगळं सविस्तर सांगितलं असतं. आता सांगतोच.

माझं लहानपण निपाणीत गेलं. थोरले काका तंबाखूच्या वखारीत प्रत लावायचं काम करायचे. ती विडीची तंबाखू, पाईपची नव्हे, असं तुम्ही लगेच म्हणाल. म्हणा. पानातलं पाणी बोटांनी ओळखणं दोन्हीकडे एकच आहे. काका बोदात, म्हणजे तंबाखूच्या मोठ्या गाठोड्यात, कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर पाला आतून काढायचे, आवळायचे आणि मूठ सोडून नुसते बघत राहायचे. पाला सावकाश उमलला तर ठीक. गोळा होऊन बसला तर ओला. करकर वाजून तळहातावर भुगा उरला तर गेला. कडक वाळलेला पाला हात लावताच तुटतो म्हणून तो पहाटे दव धरल्यावरच हलवायचा, आणि ओला बांधला तर बोदाच्या पोटात तापून सडतो, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. मी शाळेतून आलो की काका माझ्या हातात चिमूटभर पाला द्यायचे आणि विचारायचे, 'सांग, बांधू का?' चुकीचं उत्तर दिलं की काही बोलायचे नाहीत, दुसरी चिमूट द्यायचे. तेव्हा हौशी कोण आणि शिकलेला कोण, हे टोपणनावामागून ठरवू नका.

आता वाफेकडे येतो.

जुलैत ठाण्याची हवा ८५ टक्क्यांच्या आसपास दमट असते. अशा हवेत फ्लेक उघड्यावर ठेवला तर वाळणार नाहीच, उलट पाणी ओढून घेईल. हे मी नाकारलेलं नाही, कधी नाकारणारही नाही. पण म्हणून ठाण्यात फ्लेक वाळत नाही असं म्हणणं म्हणजे पावसाळ्यात ठाण्यात कुणाचे कपडे वाळत नाहीत असं म्हणण्यासारखं आहे. हवेत पाणी किती मावतं हे तिच्या तापमानावर ठरतं. २७ अंशांची ८५ टक्के दमट हवा ३७ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा साधारण ४८ टक्क्यांवर येते. त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही, ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब पुरतो. एलईडी चालत नाही, तो हवा तेवढी तापवत नाही.

माझी पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. फ्लेक म्हणजे पानं थरावर थर रचून, वाफ आणि दाब देऊन केलेल्या वडीचे पातळ काप. आख्खा काप वरून कोरडा लागतो आणि आत ओला राहतो, फसगत इथेच होते. म्हणून मी तो आधी मळून मोकळा करतो. अंगठ्याने तळहातावर हलक्या हाताने, धागे सुटतील पण तुटणार नाहीत इतपत. मग स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून टेबलावरच्या दिव्याखाली वीतभर अंतरावर ठेवतो. हात धरला तर ऊब लागावी, चटका लागू नये. मधूनमधून बोटांनी उलटवतो. दिवा नको असेल तर एसी ड्राय मोडवर टाकून बंद खोलीत ताटली रात्रभर ठेवली तरी काम होतं, पण मग सकाळी ती वेळेवर उचलायला हवी.

थांबायचं कुठे? मूठ सांगतेच, पण तुमच्यासारख्यांसाठी मी छोटा डिजिटल काटाही ठेवतो. गॉविथचा, म्हणजे इंग्लंडमधल्या केंडल गावचा, फ्लेक डब्यातून ओलाच निघतो, हे पाईप ओढणाऱ्या कुणालाही विचारा. ३ ग्रॅम घेतला की २.७ ग्रॅमच्या आसपास मी दिवा बंद करतो. जेवढं वजन उतरलं तेवढं पाणी गेलं, यात मताचा प्रश्नच येत नाही. लेखात ज्याचं वर्णन आहे तो फ्लेक असाच वाळवलेला होता. त्याला वाफ म्हणायचं असेल तर काट्याशी भांडा.

अजून एक गोष्ट, जी तुमच्या लक्षात यायला हवी होती. ओली तंबाखू पेटत नाही, सारखी विझते. ती जिवंत ठेवायला माणूस जोरजोरात ओढतो, पाईपचं वाडगं (तंबाखू भरायची वाटी) तापतं आणि गरम वाफ जिभेवर येते. जीभ चुरचुरते, चव कळत नाही, दांड्यात पाणी जमून गुडगुड ऐकू येते. आता माझा लेख पुन्हा वाचा. मधल्या टप्प्यात गोडवा वाढत गेला आणि वाडगं हातात धरवत होतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वाफेने असं होत नाही. व्हर्जिनियाचं पान भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकते. वडी दाबून तापवताना तिचा रंग गडद होतो आणि चव खोल जाते. ती साखर जिभेवर यायला निखारा मंद आणि स्थिर लागतो, आणि ओल्या फ्लेकमध्ये निखारा मंद राहूच शकत नाही. म्हणजे मी जे चाखलं तेच तंबाखू वाळलेली असल्याचा पुरावा आहे. सुरुवातीचा मुकेपणा हाही ओलाव्याचा दोष नाही. दाबलेली तंबाखू वरचा थर जळून राखेचं टोपण बसेपर्यंत बोलायला लागत नाही. ज्याने घाई न करता फ्लेक ओढला आहे त्याला हे समजावून सांगावं लागू नये.

उलट टोकाचंही सांगतो. तुम्ही सुचवता तसा फ्लेक 'कुरकुरीत' होईपर्यंत वाळवला तर तो भराभर जळतो, गोडवा उडतो आणि नुसता झोंबरा तिखटपणा उरतो. कोरडी हवा म्हणजे आपोआप चांगली चव, ही तुमची समजूत आहे. आणि पुण्याची हवा म्हणाल, तर जुलै-ऑगस्टच्या सकाळी तीही ८० टक्क्यांच्या वर असते. तुमचा फ्लेक तुमच्या टोपणनावावर वाळत नाही.

माझे बरेचसे वाचक ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर इथले आहेत. खाडीच्या दोन्ही काठांना हवा सारखीच. त्यांना परदेशातल्या कोरड्या तळघरात हा फ्लेक कसा लागतो हे कळून काय उपयोग? त्यांच्या घरात, त्यांच्या पावसाळ्यात, वाळवून घेतला तर कसा लागतो आणि उरलेला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत न ठेवता उघड्या डब्यात सोडला तर बुरशी कशी धरते, हे कळायला हवं. म्हणून मी ठाण्यात बसून लिहितो आणि तसंच लिहीत राहणार.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पाईप आधी लाटाकिया या धुरावर वाळवलेल्या, उग्र वासाच्या तंबाखूच्या मिश्रणांना वापरला होता हे खरं. तो साफ करूनच घेतला होता. पुढे.

काकवी आणि मनुका हे शब्द म्हणे मी इंग्रजी परीक्षणांतून उचलले. अहो, निपाणीच्या आसपास गुऱ्हाळं किती होती हे तिथल्या कुणालाही विचारा. गरम काकवी तोंडाला लावली की टाळ्याला जो किंचित करपट गोडवा चिकटतो, तो मला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

पाईप परकं खूळ, हेही असंच. १६०४ च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून परतला तेव्हा त्याने अकबरापुढे तंबाखू आणि ती ओढायची नळी ठेवली होती. म्हणजे मोगल दरबाराला ही गोष्ट दख्खनने दाखवली. चारशे वर्षांनंतरही ती परकी वाटत असेल तर वाटो.

तंबाखू वाईट, हे तुम्ही जाता जाता सुनावलंत. ती वाईटच आहे. तोंडाचा कर्करोग पाईप ओढणाऱ्यालाही होतो, धूर छातीत न घेणाऱ्यालाही. ज्याने कधी ओढली नाही त्याने माझं वाचून सुरू करू नये, असं या ब्लॉगच्या माथ्यावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे आणि मी ते मनापासून लिहिलं आहे. पण मग तुम्ही स्वतः ओढता आणि मला पुण्यात येऊन ओढायचं आमंत्रण देता, ते कसं?

एक मुद्दा मात्र तुमचा रास्त आहे. डब्याचं वय लिहायला हवं होतं. व्हर्जिनिया बंद डब्यात वर्षानुवर्षं बदलत राहते, नव्या डब्याचा कोवळेपणा आणि जुन्याचा मऊ गोडवा यांत फरक असतो, आणि वाचकाला ते कळायला हवं. माझा डबा त्याच वर्षी भरलेला होता. तशी ओळ लेखात आज घातली आहे.

बाकी लेखातला एकही शब्द बदलत नाही. तुम्हाला अजूनही ती वाफच वाटत असेल तर तुमच्या पुण्यातल्या ताटलीतला फ्लेक मळण्याआधी किती ग्रॅम होता आणि पेटवताना किती, हे दोन आकडे खाली लिहा. आणि लिहिताना नावही लावा.