'नो सिग्नल' दिसलं की लॅम्प गेला म्हणे! त्या फॉरवर्डचं जरा बघू

गणपतीच्या मीटिंगा सुरू झाल्या की नाशिकच्या मंडळांच्या आणि शाळा-कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. त्यात सांगितलंय की चालू प्रोग्रामात प्रोजेक्टरवर नो सिग्नल आलं म्हणजे लॅम्प नाहीतर आतला सर्किट बोर्ड गेला, व्हीजीए ही जुनी केबल आता बाद झालीय ती वापरूच नका, सोन्याच्या पिनांची महागडी एचडीएमआय केबल घ्या, तेवढ्यानं नाही झालं तर प्रोजेक्टरचा प्लग खेचून परत लावा, आणि नवीन लॅपटॉप असेल तर टाइप सीचा कुठलाही कन्व्हर्टर चालतो. हॉलवर प्रोजेक्टर लावून द्यायचं काम करतो म्हणून लिहितोय, कारण हे वाचून लोक चांगला प्रोजेक्टर रिपेअरला टाकतात राव.

लॅम्पचंच आधी घ्या. अहो, पडद्यावर नो सिग्नल ही अक्षरं दिसतायत ती कोणाच्या उजेडात? लॅम्प गेला असता तर पडदा काळा असता आणि प्रोजेक्टरवरचा लॅम्पचा दिवा लाल झाला असता किंवा ब्लिंक झाला असता. आणि ती अक्षरं प्रोजेक्टरचा बोर्डच काढतो, म्हणजे तोही बराचसा जिवंत आहे. रिमोटवर मेन्यू दाबा, मेन्यू स्वच्छ आला की समजायचं प्रोजेक्टर ठीक आहे, फार तर त्याचं एखादं इनपुट सॉकेट खराब असेल. सोर्स बटणानं चुकून दुसरंच इनपुट लागलेलं नाही ना तेही बघा, हे इतक्या वेळा असतं की सांगायची सोय नाही.

मग सिग्नल जातो कुठं? केबल लावली की लॅपटॉप आधी प्रोजेक्टरकडून माहिती वाचतो, कुठलं रिझोल्यूशन चालतं वगैरे, आणि मग चित्र पाठवतो. एचडीएमआयमध्ये समोर काहीतरी जोडलंय हे सांगायला एक वेगळी पिन असते, ती क्षणभर जरी सुटली तरी लॅपटॉपला वाटतं प्रोजेक्टर काढला. म्हणून लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन दुसरा डिस्प्ले दिसतोय का ते बघायचं. दिसत नसेल तर केबल, सॉकेट, कन्व्हर्टर यांच्यामागे लागा. दिसत असेल तर विंडोज की आणि पी दाबून डुप्लिकेट करा, रिझोल्यूशन उतरवा, जुने बरेच प्रोजेक्टर मुळात १०२४ बाय ७६८ चे असतात आणि त्यांना आपण फोर के पाठवत बसतो. डेस्कटॉप दिसतोय पण ओटीटीवरचा पिक्चर लावला की काळं होतंय, तर तो बहुतेक कॉपी प्रोटेक्शनचा प्रकार, बिघाड नाही.

कधी जातो यावर पण लक्ष ठेवा. दर वेळी ठरावीक मिनिटांनी जात असेल तर लॅपटॉपचं स्लीप सेटिंग. कोणी केबलवर पाय दिला की जात असेल तर लूज कॉन्टॅक्ट. जनरेटरवर गेल्यावर किंवा चार्जर लावल्यावरच जात असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, नीट चाललं तर अर्थिंगचा घोळ असू शकतो. मंडपात तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर नीट अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्याच, दोन वेगळ्या लाइनवर घेतले आणि अर्थिंगमध्ये फरक असला तर एचडीएमआयचं सॉकेट जळू पण शकतं.

व्हीजीए १९८७ ची आहे, मान्य, आवाजही जात नाही तिच्यातून. पण तिला दोन्ही बाजूला स्क्रू असतात, आवळले की जागची हलत नाही, साध्या एचडीएमआयला तसलं लॉक नाही. व्हीजीएची वाकडी पिन मात्र बघत जा, एक रंग गेला आणि चित्र निळंहिरवं झालं तर लाल रंगाच्या पिनचा किंवा वायरचा कॉन्टॅक्ट गेलेला असतो.

सोन्याचं म्हणाल तर त्यानं पिन गंजत नाही एवढंच, चित्रात काडीचा फरक पडत नाही. खरा प्रश्न लांबीचा आहे. दहा-पंधरा मीटरच्या पुढे साधी एचडीएमआय दगा द्यायला लागते, त्यामुळे कालिदास किंवा सायखेडकरसारख्या नाट्यगृहात लॅपटॉप स्टेजवर आणि प्रोजेक्टर मागे असा सेटअप असेल तर फायबरची एचडीएमआय नाहीतर कॅट सिक्स म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून सिग्नल लांब नेणारा एक्स्टेंडर लागतो, आणि फायबरवाली उलटी लावली तर चालतच नाही, कुठलं टोक लॅपटॉपचं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. केबल कमजोर आहे का हे फुकटात तपासता येतं: रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, डेटा निम्म्यावर येतो. तेवढ्यात चित्र टिकलं तर केबल बदला, एमजी रोडला केबल आणायला जायच्या आधी लांबी मात्र मोजून घ्या.

प्लग खेचायचा सल्ला मात्र डेंजर. लॅम्पवाला प्रोजेक्टर बंद केल्यावर थोडा वेळ पंखा चालू राहतो तो लॅम्प थंड करायला, गरम असताना करंट तोडला की लॅम्पचं आयुष्य जातं आणि लगेच पेटतही नाही, हॉल भरलेला आणि तुम्ही थंड व्हायची वाट बघत बसा. काढायचीच तर एचडीएमआय काढा, लॅपटॉपच्या टोकाला, चार-पाच सेकंद थांबून परत लावा.

टाइप सी दिसलं म्हणजे त्यातून व्हिडिओ येतोच असं नाही, काही पोर्ट नुसते चार्जिंग आणि डेटाचे असतात. लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती उघडा, डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट लिहिलंय का बघा. आणि एचडीएमआय ते व्हीजीएचा कन्व्हर्टर उलट्या दिशेनं चालत नाही, दुकानदार काही म्हणू दे.

एवढं सगळं करून, दुसरा लॅपटॉप, दुसरी केबल, दुसरं इनपुट लावूनही नो सिग्नलच असेल, तर न्या रिपेअरला आणि इनपुट बोर्ड तपासायला सांगा. लॅम्प बदलून द्यायला लागले तर प्रोजेक्टर उचला आणि घरी आणा.